विमानांचा खेळ

हवाई कसरतींच्या मैदानावर, पाण्याच्या रांगेत एका शिक्षिकेच्या पुढे एक आजी आणि तिची नात उभ्या होत्या. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, मैदानभर टाळ्या पडल्या आणि आजीने नातीला खाली दाबलं.

“सोड ना, आजी! हा खेळ आहे.”

“मला कळतं गं. अंगाला कळत नाही.”

“लहानपणी तू असं विमान पाहिलं होतंस?”

“लढाईत. मी आणि धाकटी बहीण गच्चीवरून हात हलवत होतो.”

“मग?”

“आईने हाक मारली. मी एकटीच खाली आले.”

“आणि ती?”

“आई कितीतरी दिवस तिचं ताट वाढत होती.”

“बाबांना माहीत आहे?”

“नाही. एवढ्या हौसेने आणलंय त्याने आपल्याला. तू काही बोलू नकोस.”

“परत येतंय, आजी.”

“येऊ दे. माझा हात धर.”