मडक्यावर नाव हाय

(१९७६चा उन्हाळा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं टेकाड. पुण्याहून आलेले उत्खननवाले जेवायला गेलेत. मजूर भिमा खापरं धुतोय. टेकाडाचे मालक हौसराव येऊन दगडावर टेकलेत.)

हौसराव : आन् त्या जहाजाचं काय म्हणालास?

भिमा : परदेशात गावलं, आबा. समुद्राच्या बुडाशी. साहेबांच्या पुस्तकात फोटू हाय. लाकडाचा भुगा झालाय, पर मडकी जशीच्या तशी, रचून ठेवल्यावानी. कशात तेल व्हतं, कशात दारू. तांब्याच्या विटा बी. मडक्याची माती बघून वळखत्यात, जहाज कुठनं निघालं आन् कुठं चाललं व्हतं.

हौसराव : आपल्या घोडंत उन्हाळ्यात म्हस बुडत न्हाई. माझ्या टेकाडात जहाज कुठनं येणार?

भिमा : जहाज न्हाई. परवा शंखाची बांगडी गावली ना. शंख काय हितल्या डोहात व्हतो? समुद्रावरनं हातोहात घाट चढून आला असंल. म्हंजी त्या काळात बी हितल्या बाईच्या हातात समुद्राचा माल व्हता. साहेब म्हणत्यात...

हौसराव : साहेब म्हणत्यात. फुटक्या बांगडीपायी पुण्याचा शिकलेला माणूस तीन उन्हाळं माझ्या रानात तापतोय, आन् मी ते खरं मानू? सोन्याची घागर म्हणाला असतास तर पटलं असतं. काल आमचा गडी संपत हितं व्हता. त्यानं ऐकलंय. मडक्यावर नाव हाय म्हनं.

भिमा : हाय की.

हौसराव : पयल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं?

भिमा : माझ्याच. धुताना.

हौसराव : आन् मला सांगावं वाटलं न्हाई.

भिमा : साहेबच म्हणाले, एवढ्यात बोभाटा नको. पयलं कागदावर उतरवू. फोटू पुण्याला धाडलाय.

हौसराव : कागदावर. आन् तुझ्या पाठीवर थाप मारून काय म्हणाला? खोटं बोलू नको, संपत मागंच हुबा व्हता.

भिमा : त्ये व्हय. "भिमा, आता हे टेकाड तुझं," म्हणाले. खुशीत व्हते.

हौसराव : मग तू खाली का बघतोस?

भिमा : न्हाई, ते आपलं उगं...

हौसराव : चोराच्या मनात चांदणं. भिमा, तुझ्या बापाला मी भावावानी वागवलं.

भिमा : बा कुठं आला ह्यात?

हौसराव : सोंग करू नको. म्हाळू मरायच्या आधी तुला बोलला असणारच. शिरूरचं.

भिमा : कचेरीत तुम्ही त्याला साक्षीला नेलं व्हतं, तेवढं बोलला. नवा पटका बांधून आला. पुडीत भजी आणली व्हती. आबांनी जीपगाडीत शेजारी बसवलं, म्हणून लई खूश व्हता.

हौसराव : साक्षीला न्हवं, हे तुला ठावं हाय. सिलिंग येणार, जादा रान सरकार काढून घेणार, म्हणून सगळंच करत व्हते. कुणी मेव्हण्याच्या नावावर, कुणी गड्याच्या. म्या टेकाडाचं चार एकर म्हाळूच्या नावावर केलं. पर नुसतं कागदाला. रान माझंच हाय. तुझ्या साहेबानं सात-बारा काढला, त्यातनं नाव हुडकलं, आन् आता मडक्यावर निघालं म्हणून गावाला थापा मारतोय. मी येडा वाटलो व्हय तुमाला?

भिमा : माझ्या बाच्या नावावर?

हौसराव : आता तोंडावर धूळ फेकू नको.

भिमा : आबा, हे खापर बघा. हात लावू नका, वलं हाय.

हौसराव : काय हाय त्यात? रेघोट्या.

भिमा : ही आडवी रेघ. दोन्ही टोकं वर वळल्याली. खालच्या ह्या तिरप्या, त्या वल्ह्याच्या. आन् मदी हा माणूस बसलाय.

हौसराव : म्हंजी?

भिमा : नाव. पाण्यावरची.

हौसराव : होडी?

भिमा : होडी. हितल्या कुंभारानं काढल्याली. जन्मात कवातरी त्यानं बघितली असंल, न्हाईतर बघितलेल्याकडनं ऐकली असंल. साहेबांना त्याचाच आनंद झालाय.

हौसराव : म्हंजी त्यावर कुणाचंच न्हाई.

भिमा : कुणाचंच न्हाई.

हौसराव : भिमा, आत्ता बोललो ते हितंच पुरून टाक. तुझ्या बापाचा शबूद व्हता मला.

भिमा : शबूद न्हवता, आबा. अंगठा व्हता.

हौसराव : रागावलास.

भिमा : रागावलोय. ती भजी आम्ही पाच जणांनी वाटून खाल्ली. बा रातभर तुमचंच गुण गात व्हता.

हौसराव : दोन सालं झाली त्याला. बुडाली म्हण ती गोष्ट.

भिमा : साहेब सांगत व्हते, जी जहाजं सुखरूप पोचली त्यांचा मागमूस न्हाई. माल विकला, लाकूड मोडून जाळलं. बुडालेलंच तेवढं जागच्या जागी ऱ्हायलं.

हौसराव : उठलास कशाला? खापरं धुवायची ऱ्हायल्यात.

भिमा : उद्या धुईन. साहेबांना सांगून दुपारच्या येस्टीनं शिरूरला जाऊन येतो.

हौसराव : शिरूरला काय हाय तुझं?

भिमा : नाव बघायला.