शुक्रवारचा तास

दोह्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, मुलाखतीसाठी मी बाकावर थांबले होते. शेजारी रत्नागिरीकडचं जोडपं होतं. सुरय्या चाळिशीची विद्यार्थिनी. नवरा जाफर, हमद बंदरावरच्या कामावरून थेट आलेला, पायात अजून कामाचे बूट.

"गणितात नापास झालीस, हे आज सांगतेस?"

"आधी सांगून तुम्ही गणितं सोडवून देणार होतात? आत गेल्यावर फक्त माफी मागा."

"नापास तू आणि माफी मी?"

"शाळेतून बोलावलं की घरचं माणूस लागतं. आपल्या तबिशच्या शाळेत दर वेळी मीच जाते ना? आज तुम्ही या."

"आणि नाव काढलं तर?"

"तर खलास. पुन्हा नाव घालायची हिंमत नाही व्हायची माझी."

दार उघडलं. सल्लागार मार्था मॅडम वसईच्या होत्या.

"या, सुरय्या. हे कोण?"

"मिस्टर. माफी मागायला आणलंय."

"अगं बाई! माफी कसली? नापास झाल्या त्या बहुतेक सगळ्या लहान मुलांच्या आया आहेत. संध्याकाळच्या तासाला तुम्ही येणार तरी कशा? म्हणून तोच तास आता शुक्रवारी सकाळीही घेणार आहोत. नमाजाआधी सुटेल. जमेल?"

"म्हणजे नाव राहिलं?"

"राहिलं. पण मुलांना कोण बघेल?"

"मी बघतो, मॅडम. शुक्रवारी सुट्टीच असते."

"आणि शुक्रवारची बिर्याणी?"

"ती मला कुठे येते, सुरय्या?"

"शिका की! पहिल्या खेपेला नापास झालात तरी चालेल."