कोटासकट

बेटाबेटांवरून उडणाऱ्या त्या इवल्याशा विमानाचा तोल राखण्यासाठी प्रत्येक उतारूला आधी काट्यावर उभे राहावे लागे. निवृत्त मास्तरांच्या पुढे एक वृद्ध जोडपे होते. बाई उपचारासाठी मोठ्या बेटावरच्या इस्पितळात निघाल्या होत्या.

“बावन्न किलो,” काट्याजवळचा कर्मचारी म्हणाला.

“ऐकलंत ना? गेल्या खेपेइतकंच! डॉक्टर म्हणाले तसं वजन टिकलंय. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता.”

“ऐकलं गं.”

“ताई, कोट काढता का जरा? तो सामानात तोलू.”

“थंडी वाजते हो मला.”

“मिनिटभराचं तर काम आहे.”

“राहू द्या, साहेब. विमानात ती कोटासकटच बसणार. मग कोटासकटच तोला की.”

“तेही खरंच. बसा, काका. पुढचे कोण?”

स्वतःचे वजन देऊन मास्तर बाकावर टेकले, तर शेजारी तीच दोघे.

“आज बरी माझी बाजू घेतलीत! एरवी परक्यांच्याच होला हो असतं तुमचं.”

“आपल्या गुलाबाच्या कुंडीतले पांढरे गोटे गं...”

“त्यांचं काय?”

“दर खेपेला थोडे कमी होतात.”

मास्तरांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

“कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?”

“पहिल्या गोट्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला फसवलंस की तुला जेवण जायचं.”

बाईंनी कोटाच्या खिशात हात घातला; आत गोटे खडखडले.

“दे ते इकडे. खांदे दुखत असतील तुझे.”

“अहो, पण विमानाचा तोल?”

“मी तुझ्या शेजारीच बसतोय.”