थर्ड पार्टी अन् हवरखाट

...अन् चाकं किती, तं म्हणे एक बी नाही! आता तुम्हीच सांगा, ज्या गाडीले चाकंच नाहीत तिचा विमा कोणता साहेब करून देईल? पण आमचे कृष्णकांतराव, म्हणजे माझे सख्खे साळे, आमच्या प्रेमिलाबाईचे धाकटे बंधू, खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर... ते म्हणते, 'भाऊजी, चाकं नसली म्हणून का झालं? माणसाले कुठे चाकं असतात? त्याचा होतेच ना विमा?' घ्या! याच्यावर का बोलता? तुम्हाले सांगतो, मी तं गारच पडलो. नागपुरात, मे महिन्यात, पंखा बी गरम हवा फेकून राहिला, अन् मी गार!

थांबा, आधी ती वस्तू का होती ते सांगतो. आणीबाणी नुकतीच उठली होती, म्हणजे कोणी बी काही बी करायले मोकळा, अन् ह्या माणसानं सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी मासिक उचलून आणलं. त्यात बिलायतेतल्या गाडीचा फोटो. जमिनीवर बी चालते, पाण्यावर बी चालते, म्हणजे चालत नाहीच, खालून हवा सोडते अन् वीतभर वर उचलून सरकत जाते. हॉवरक्राफ्ट म्हणे. आमच्या शेजारच्या यमुताई त्याले 'हवरखाट' म्हणतात, अन् खरं सांगू का, कृष्णकांतनं जे बनवलं ते दिसायले खाटच होतं. प्लायवूडचा पाटा, त्याच्यावर जुन्या लॅम्ब्रेटा स्कूटरचं इंजिन, हा एवढा मोठा पंखा, अन् खाली चहूबाजूनं ताडपत्रीचा घेर. मी विचारलं, 'हे का लावलं गा?' तं म्हणे, 'परकर.' परकर! गाडीले परकर! हवा धरून ठेवायले लागते म्हणे. मी म्हणलं, मंग पोलकं काहून बाकी ठेवलं बाप्पा, ते बी शिव ना!

अन् हे सारं कुठे? माझ्या अंगणात. सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या उतारावर आमचं घर, मागं अंगण, अंगण संपलं की खाली पाणी. कृष्णकांत म्हणे, 'भाऊजी, अशी जागा साऱ्या नागपुरात नाही, एक कोपरा द्या फक्त.' अन् मी अक्कलशून्य माणूस, म्हणलं, ठेव.

बरं, माणूस कायद्याचा पक्का हो! 'भाऊजी, गाडी बनवली ते ठीक, पण उद्या कोणाले लागलं तं? आपली थर्ड पार्टी पक्की पाहिजे.' आता हा शब्द त्यानं आमच्या घरात कधी काढावा? आमच्या शामलेचं पाहणं चालू होतं. पहिली पार्टी काटोलची, संत्र्याच्या बागावाले, ते म्हणे पोरगी उंच आहे. दुसरी पार्टी वर्ध्याची, ते म्हणे पोरगी भल्ली बोलते, तोंडाले आरामच नाही. अन् तिसरी पार्टी येत्या रविवारी येऊन राहिली होती! पोरगा केशव, बँकेत. बाप मनोहरराव, सरकारी नोकरीत. मध्यस्थानं सांगितलं ते एवढंच. प्रेमिलानं टेकडीच्या गणपतीले साकडं घातलेलं, अन् माझं म्हणाल तं मले झोप नव्हती. दोनदा नकार ऐकलेली पोरगी घरात मुकाट्यानं काम करत राहते ना, तिच्याकडे बापाले पाहवत नाही हो. खरंच नाही पाहवत.

तं अशा टायमाले हा कृष्णकांत मले ओढत विमा कंपनीत घेऊन गेला. साहेब म्हणजे कसे, पुण्याले चार वर्षं राहून आलेले, एकेका शब्दाले इस्त्री केलेली. कृष्णकांतनं गाडीचा फोटो समोर ठेवला. साहेब म्हणे, 'हे वाहन जमिनीवर चालतं का?' 'नाही साहेब, जमिनीले लागतच नाही.' 'मग मोटारीत बसत नाही. पाण्यात चालतं?' 'पाण्याले बी लागत नाही.' 'मग बोटीत बसत नाही. म्हणजे उडतं?' 'उडते साहेब, पण वीतभर.' 'वीतभर उडणारं विमान मी आजवर ऐकलेलं नाही. बरं, ब्रेक?' 'ब्रेक कायले साहेब? जमिनीले टेकतच नाही, तं ब्रेक लावू कोणाले?' साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत घातला अन् म्हणे, 'ना जमिनीवर, ना पाण्यात, ना आकाशात! अहो गृहस्थ, तुम्ही विमा मागताय की हिरण्यकश्यपूचा वर?'

मी गुपचूप उठावं ना? नाही! मले कुठून बुद्धी झाली, मी विचारलं, 'साहेब, पण समजा लागलंच कोणाले, तं?' म्हणे, 'मालक जबाबदार. वस्तू ठेवता कुठे?' कृष्णकांतनं बोट माझ्याकडे केलं, 'याईच्या अंगणात.' 'मग हेही जबाबदार.' म्हणजे मी! बनवली त्यानं, चालवणार तो, अन् जबाबदार मी? काहून, तं अंगण माझं! मी तं गारच पडलो. तरी जीभ राहत नाही, मी म्हणलं, 'अन् थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण असते साहेब?' साहेबानं बोट वर केलं. 'ज्याचा त्या वस्तूशी काडीचा संबंध नाही, जो बिचारा बाजूने जात असतो आणि ज्याला लागतं, तो. घरचा माणूस त्यात येत नाही. घरच्यांचं घरच्यांनी पाहावं.'

घरी आलो. माझ्या आधी हा फाटकातून ओरडला, 'ताई! थर्ड पार्टी नाही म्हणते वं!' प्रेमिला सांबार निवडत बसली होती. कोथिंबीर तिच्या हातातून खालीच पडली. 'न पाहताच?' 'फोटो पाहून नाही म्हणे.' 'फोटोत का खराब होतं?' 'त्याईले खालचा परकर समजला नाही.' 'परकर? अरे, साडीतला फोटो पाठवला होता मी, परकर दिसलाच कसा त्याईले?' 'अन् म्हणे, ब्रेक नाही.' 'माझ्या पोरीले ब्रेक नाही?' अन् हे असं डोळ्याले पदर लावून रडणं सुरू, अन् आतून शामला बाहेर आली तं तिचा चेहरा असा पांढरा... मी मधात पडून सांगून राहिलो, 'अवं, ती पार्टी नाही, ही पार्टी!' तं प्रेमिला म्हणते, 'म्हणजे अजून एक होती अन् मले सांगितलं नाही?' तुम्हाले सांगतो, अर्धा घंटा लागला मले दोन पार्ट्या वेगळ्या करायले.

आला रविवार. मी कृष्णकांतले हात जोडले, म्हणलं, बाबा रे, आजच्या दिवस त्या खाटेले हात लावू नको. त्यानं बी शहाण्यासारखी तिच्यावर सतरंजी टाकली. सांबारवड्या तळून तयार. रिक्षा थांबली. आधी पोरगा उतरला, चांगला हसतमुख पोरगा. मागून बाप उतरला... अन् माय वो! साहेब! तेच! इस्त्रीवाले! त्याईनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याईच्याकडे. म्हणे, 'तुम्ही... अंगणवाले?' उन्हात उभा, अन् गार!

बसवलं. सांबारवडी दिली, कढी दिली. साहेबाचं लक्ष काही लागेना. एक घास खाते, अन् मागच्या खिडकीतून पाहते. शेवटी म्हणे, 'ती वस्तू... इथेच असते?' मी म्हणलं, 'साहेब, पोरीले बोलावतो.' 'मुलगी पाहू की, मुलगी कुठे जाते! नुसती नजर टाकतो.' नजर टाकली. सतरंजी काढली. हात फिरवला. मंग म्हणे, 'बसून पाहायला हरकत नसावी.' बसले! धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, त्या खाटेवर, मांडी घालून! अन् म्हणे, 'वीतभर उचलतं म्हणता ना? दाखवा.' मी कृष्णकांतकडे डोळे वटारून राहिलो, प्रेमिला दारातून मान हलवून राहिली, पण मोठ्या साहेबानं 'दाखवा' म्हटल्यावर फिटरचा हात थांबते का? ओढली त्यानं दोरी!

आवाज असा, की झाडावरचे कावळे थेट पार महाल मोहल्ल्यात गेले असतील. अन् उचललं हो! साहेब लहान पोरासारखे ओरडले, 'उचललं! खरंच उचललं!' बरोबर. उचललं, म्हणजे जमिनीले टेकणं सुटलं. टेकणं सुटलं, अन् अंगणाले उतार. ब्रेक तं नाहीच! कृष्णकांत धरायले गेला तं परकराच्या हवेनं मागच्या मागं बसला, अन् खाट निघाली साहेबाले घेऊन. समोर का होतं? यमुताईची वर्षाची भिवापुरी मिरची, लुगड्यावर वाळत घातलेली. तिच्यावरून पंखा गेला अन् सारं अंगण लाल! दिसेना काही. मी शिंकून राहिलो, प्रेमिला शिंकून राहिली, यमुताई 'माय वो, माझी मिरची!' म्हणून शिंकून राहिली, कृष्णकांत तं डोळे धरून लोळूनच राहिला. अन् खाट कुंपणाची काटी मोडून तलावात, पार मधात जाऊन... फट् फट् फट्... इंजिन बंद.

आता साहेब उभे राहिले. 'अहो, कुणी आहे का? मला पोहता येत नाही!' अन् मंग एक शिंक आली, अशी आली की त्या शिंकेत पुणं धुवून गेलं. 'अबे वाचवा बे मले! काहून पाहून राहिले तिथून?' माझ्या डोळ्यांपुढे सारं आलं. जबाबदार कोण? मी. पोरीचं लग्न? बुडालं. व्याही? तो बी बुडून राहिला!

अन् तेवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी सर्रकन गेलं. शामला! नवी साडी, पदर कमरेले खोचलेला, थेट पाण्यात. उन्हाळ्याचं पाणी, कंबरभर, चिखलातून गेली, खाटेवर चढली, केसातली पिन काढली, प्लग का काय ते खोललं, पिनेनं खरवडलं, पदराच्या कोरड्या भागानं पुसलं, साहेबाले म्हणते, 'काका, मधात बसा, कडेले नका सरकू,' अन् ओढली दोरी! वळवली, तलावाले अर्धा फेरा मारला, उतारावरून वर आणली अन् होती त्या जागी नेऊन ठेवली. म्हणते, 'मामा, प्लग ओला झाला होता.' पोरगी पाहायले आले होते ना? पाहिली!

मी म्हणलं, 'हे तुले कोणी शिकवलं?' तं प्रेमिला डोळे चोळत म्हणते, 'दर रविवारी चालवते ना ती, तुम्ही दुपारी इंजिनापेक्षा मोठ्यानं घोरत झोपता तवा.' 'अन् तुले माहीत होतं?' 'माहीत म्हणजे? तो परकर कोणी शिवला? माझ्याच मशिनीवर तं शिवला.' माझं घर! माझं अंगण! अन् बाजूले यमुताई बी मान हलवते, म्हणजे तिलेसुद्धा माहीत, मलेच नाही! गार पडायचं तरी किती हो माणसानं?

साहेब खाली उतरले. वरून मिरची, खालून चिखल, डोळे असे लालबुंद. म्हणे, 'वामनराव, मी दावा लावीन. तुमच्यावर.' तं प्रेमिला पुढं झाली. शांत. 'लावा ना साहेब. पण कचेरीत कारण का लिहाल? ज्या गाडीले तुम्ही नाही म्हणलं तिच्यातच बसले होते, असं? अन् उद्या व्याही झाले, तं घरचेच. घरच्याईचं घरच्याईनं पाहावं, तुम्हीच म्हणले होते म्हणे.' साहेबानं तोंड उघडलं अन् शिंकले. केशव म्हणे, 'बाबा, मले पसंत आहे. तुम्हाले बाहेर काढलं ना तिनं.' अन् मी सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तं शामला म्हणते, 'अन् मले कोणी विचारलं?' झालं! दुसरी पार्टी खरंच बोलली होती हो. शामला पदर पिळत त्या पोराकडे पाहून म्हणते, 'पोहता येते का तुम्हाले?' 'येते.' 'मंग ठीक आहे.' माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं नव्हतं.

झालं लग्न, दिवाळीनंतर. चांगलं झालं. पण माझं का झालं ते ऐका. आता साहेब दर रविवारी सकाळीच हजर. 'वामनराव, वारा चांगला आहे.' साहेब चालवते, केशव दोरी धरते, शामला त्याईले रागावते, कृष्णकांत दुसरी मोठी बनवून राहिला, प्रेमिला तिचा परकर शिवून राहिली, यमुताई पुढं बसते, हवा खाते! अन् तुम्ही मघापासून माझ्या ह्या पायाच्या प्लास्टरकडे पाहून राहिले ना? मागच्या रविवारी मी दुधाचं भांडं घेऊन आपल्या बाजूनं चाललो होतो. मागून आवाज आला, 'व्याही, सरका!' सरकू कुठे? मारली उडी, अन् नालीत!

दवाखान्यात साहेब उशाशी बसले होते. मी म्हणलं, 'साहेब, एक सांगा, मी घरचा की बाहेरचा?' त्याईनं नीट विचार केला, बोट वर केलं. 'बनवण्यात तुम्ही नाही, चालवण्यात नाही, तुम्हाला कुणी काही सांगितलेलंही नाही. बाजूने जात होतात आणि लागलं. वामनराव, तुम्ही शंभर टक्के थर्ड पार्टी!' तुम्हाले सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं हो मले. म्हणलं, 'मंग भरपाई भेटेल?' 'नियमाने मिळायलाच हवी.' 'कोणाकडून?' तं ते म्हणते, 'अंगण कुणाचं?'

तं आता मी सोतावरच दावा लावून बसलो आहे. अन् खरं सांगतो, समोरची पार्टी भल्ली चिवट आहे, एक पैसा देत नाही!