रुसलेली लाल चकती

“पणजोबा गवंडी, आजोबा सुतार, वडील शिंपी, आणि दाजी, तुमच्या हाताला चकती-गोल्फची एक चकती सरळ टोपलीत फेकता येऊ नये?”

हाडांच्या डॉक्टरांकडे बसलेल्या आजीबाईंनी मासिक मिटले. समोर खांदा धरून बसलेल्या दाजींना त्यांचा मेहुणा सुनावत होता.

“तुझी ती लाडकी लाल चकती सरळ जाईल तर ना. टोपली जवळ आली की रुसलेल्या व्याह्यासारखी डावीकडे तोंड फिरवते.”

“फिरवते, पण फिरवणार हे आधी ठाऊक असतं. वाऱ्यात बाकीच्या भरकटतात, ती कुणाला जुमानत नाही.”

“जीव तोडून फेकल्याशिवाय लांबही जात नाही.”

“म्हणून माझी मागून नेलीत आणि तळ्यात घालवलीत? तशी आता कुणी बनवतही नाही.”

“तीन वर्षं हेच ऐकतोय.”

परिचारिका आली. “खांदा कशानं दुखावला?”

“चकती फेकताना,” मेहुणा म्हणाला.

“फेकताना नाही, बाई. तळ्यातला गाळ उपसताना.”

दाजींनी डाव्या हाताने पिशवीतून घासूनपुसून लख्ख केलेली लाल चकती काढली आणि मेहुण्याच्या मांडीवर ठेवली.

“घे. तुझं देणं फिटलं. आता माझ्या पणजोबांना सोड.”