फॅरोच्या दाईचं नाव

मंडळी, ऐका. माणसाला लाज वाटते कशाची — आणि वाटायला हवी कशाची? आई विटकं लुगडं नेसून शाळेच्या फाटकात आली, तर पोराला लाज वाटते. तेच पोर चाळिशी उलटल्यावर त्या लाजेचीच लाज वाटून कूस बदलत पडतं. आहे की नाही असं? बघा, पाचसहा जणांनी खाली बघितलं. असू द्या, मीही तुमच्यातलाच.

आज जरा लांब जायचंय, मिसर देशात. बसल्या जागी नेतो, तिकीट नको की काही नको! आणि ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका, माझ्या पदरची आहे. तर तिथल्या राजाला म्हणायचे फॅरो. फॅरोला राण्या किती? — पुढचे काका लगेच सावरून बसले! पुष्कळ होत्या, काका. पण सगळ्या काही आरशापुढं बसत नव्हत्या. एक पट्टराणी राजवाड्यात, आणि बाकीच्या दुसऱ्या वाड्यात मागावर. अळशीच्या धाग्याचं तलम कापड विणायच्या.

त्यांच्यातल्या एकीला मुलगा झाला. त्याचं नाव खासेन. इकडं पट्टराणी तेमेरितची कूस उजवली नव्हती. खासेन सात वर्षांचा झाला आणि तेमेरितनं तो उचलून आपल्याकडं आणला. दत्तक घेतला म्हणाल तर तसंही नाही. देवळाच्या भिंतीवर सरळ कोरून टाकलं, हा तेमेरितच्या पोटचा. दगडात कोरलं की कोण विचारतंय! आणि नऊ महिने वाहिलं ती? तिला सांगितलं, पोराजवळ राहायचंय ना, मग दाई म्हणून राहा.

राहिली बिचारी. काय करेल?

पहिल्या वर्षी खासेन चुकून तिला आई म्हणायचा, की पट्टराणीची दासी त्याचा कान पिळायची. मग चुका कमी झाल्या. बारातेराव्या वर्षी तर त्याला ते बरंच वाटायला लागलं. कारण तिची बोटं धाग्यानं चिरलेली, बोलणं नदीकाठच्या खेड्यातलं, आणि हसायची ती अगदी तोंड उघडं टाकून! चारचौघांत ही आपली कोणी नाही, हे त्याला सोयीचं पडायला लागलं.

म्हातारा फॅरो गेला, खासेन गादीवर बसला. अभिषेकाच्या दिवशी ही बाई स्वतः विणलेलं धोतर घेऊन पुढं आली आणि भर दरबारात त्याच्या कमरेला गाठ मारायला लागली. परमुलखाचा वकील बसला होता, त्यानं विचारलं, ह्या कोण? खासेननं तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मंडळी, आता कान पिळणारं कोणी होतं का? तो राजा होता हो!

"माझी दाई आहे," खासेन म्हणाला. "म्हातारपणी जरा लाड करते."

दरबार हसला. तीही हसली. पण तोंडावर हात ठेवून. असं ती कधी हसत नसे, आणि ते त्याला दिसलं. दिसलं तरी तो पुढच्या नजराण्याकडं वळला.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. तो धोतर नेसत होता, कारण कापड मऊ होतं. तिला मात्र एकदाही हाक मारली नाही. मग ती गेली.

आता त्यांची रीत ऐका. देह सत्तर दिवस मिठात घालून, पट्ट्यांत गुंडाळून टिकवायचे. पण देह टिकून भागत नसे. पेटीवर माणसाचं नाव पाहिजे, आणि थडग्याच्या दारात पोटच्या पोरानं ते नाव मोठ्यानं घ्यायला पाहिजे. नाव घेतलं तर ते माणूस पलीकडं जागं होतं. नाही घेतलं तर संपलं, जसं काही जन्मलंच नव्हतं!

एकोणसत्तराव्या दिवशी मुख्य पुजारी आला आणि म्हणाला, महाराज, दाईच्या पेटीवर नाव काय कोरू?

खासेन आठवायला लागला. लहानपणी आई म्हणाला, पुढं दाई म्हणाला. बाप तिला मागावरची म्हणायचा. नाव? तो तेमेरितकडं गेला, तिला विचारलं. ती पुरती म्हातारी झाली होती. जरा आठवून बघितलं आणि म्हणाली, "तिला नाव होतं?"

त्याला शरमेनं मेल्यासारखं झालं. नोकराला पाठवायला निघाला होता, तो स्वतःच चालत मागांच्या वाड्यात गेला. मागं सरदार होतेच, त्यांत गादीवर टपलेल्या चुलत्याची माणसंही होती. बायका उठून उभ्या राहिल्या. एक बेकी नावाची म्हातारी तेवढी उठली नाही, तिला दिसत नव्हतं. खासेननं राजाच्या आवाजात विचारलं, गेलेल्या दाईचं नाव काय?

बेकी म्हणाली, आमच्या मागावर दाई कोणी नव्हती.

त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. आता बोलावं तर भिंत खोटी ठरते, आणि त्या भिंतीवर तर गादी उभी! गप्प बसावं तर उद्या ती बाई नावावाचून कायमची पुसली जाते. बघा कसा अडकला.

"माझी आई," खासेन म्हणाला. आवाज फाटला त्याचा. "माझ्या आईचं नाव सांगा मला."

बेकीनं हात पुढं केला, चाचपत त्याच्या धोतराचा काठ धरला आणि कोपरा उलटा केला. आत नखाएवढं झाड विणलेलं. प्रत्येक विणकरीण आपलं नाव असं कोपऱ्यात घालायची. "उंबर आहे," बेकी म्हणाली. "उंबराला आमच्यात नेहेत म्हणतात. नेहेत नाव तिचं. किती वर्षं नेसतोयस रे हे?"

त्यानं घरी येऊन पेट्या उपसल्या. लहानपणच्या दुपट्यापासून सगळ्यावर उंबर! अंगाशी बाळगलं होतं आईचं नाव, आणि कोपरा कधी उलटून बघितला नव्हता. तिथंच जमिनीवर बसून रडला.

दुसऱ्या दिवशी थडग्याच्या दारात त्यानं सगळ्यांदेखत नाव घेतलं, नेहेत, माझी आई. भिंतीवरची ओळ आपल्या हातानं खोडली. चुलत्यानं बंड केलं, अर्धं राज्य गेलं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. त्याला एवढंच खुपत राहिलं, की ती ऐकत होती तेव्हा आपण बोललो नाही, आणि बोललो तेव्हा तिचे कान पट्ट्यांत गुंडाळलेले होते.

बरं, तो मिसरचा राजा. आपलं काय? आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. हौसेनं लिहितात, फोटो काढतात! आणि जुनं नाव? ते कुठं जातं?

माझी आई गेली तेव्हा तिच्या माहेराहून एक म्हातारी आली. दारातच मला धरून म्हणाली, आमची वेणू गेली का रे? आणि मी, कीर्तनाच्या ह्या गादीवर उभा राहून नाममहिमा सांगणारा मी, तिला विचारलं, कोण वेणू?

पंचावन्न वर्षांचा होतो मी. देवाची हजार नावं पाठ होती.

टाळकरी, जरा थांबा, टाळ खाली ठेवा. शेवटी आपण रोज देवाचं नाव घेतो. आज त्याआधी प्रत्येकानं आपल्या आईचं नाव घ्यायचं. माहेरचं. मोठ्यानं.

गप्प का झालात?

त्या तिकडं खांबाला टेकून बसलेल्या आजी बघा, पदर सावरतायत. त्यांचा मुलगा पुरुषांत बसलाय, दुसऱ्या रांगेत. ऊठ बाबा. त्या ऐकतायत तोवर जा, आणि विचारून ये.