रिकाम्या जागेवरचं वाचनालय

चंद्राबाई : पायातलं काढ. आदी पायातलं काढ, मग नकाशा दाखव. लोकांच्या तोंडात जानारं अन्न वाळतंय इथं.

मनस्वी : सॉरी, मावशी. मला कोणी सांगितलंच नाही.

चंद्राबाई : तुला नाय बोलले, बाय. तू परकी. मी याला बोलते. सारसोळे गावाचा अध्यक्ष, माज्या सख्ख्या दिराचा पोरगा, आनि बूट घालून उभा हाय मासळीत.

जयदेव : काकी, लेसचे बूट आहेत. कुठं काढत बसू? पाच मिन्टाचं काम आहे. तू सही दे, आम्ही निघतो.

मनस्वी : मी मनस्वी. ऐरोलीच्या ऑफिसातून आलेय, वाचनालयाचं डिझाइन आमचं आहे. तुम्ही महिला मंडळाच्या प्रमुख ना? फंड देणाऱ्या कंपनीला गावातल्या बायकांची संमती लागते. हे बघा, नुसती पुस्तकं नाहीत हं. लोकांनी एकत्र जमायची जागा आहे ही. इथे गोल बैठक, इथे कॉफी, इथे गोष्टी सांगायचा कोपरा.

चंद्राबाई : गोष्टी सांगायला कोपरा लागतो? आनि या कोन बायका, चित्रातल्या?

मनस्वी : त्या अशाच. कल्पना यावी म्हणून.

चंद्राबाई : सगळ्या केस मोकळे सोडून बसल्यात. एकीकडं पन टोपली नाय. आमाला कुठं बसवलंय?

जयदेव : तुम्ही पण तिथंच, काकी. एसी हॉल आहे. फक्त बाजारातून डायरेक्ट नाय यायचं. घरी जाऊन आंघोळबिंघोळ करून...

चंद्राबाई : ऐकलंस, बाय? एकत्र जमायची जागा. पन आंघोळ करून.

मनस्वी : असा नियम नाहीये, मावशी.

चंद्राबाई : अजून भिंत नाय उभी, तर याच्या तोंडात आलाच की. आता मी सांगते, इथं आज कोन जमतं. सकाळी बोंबील टांगायला तीस बायका. दुपारी जवळा पालटायला त्याच तीस. कोनाची सून रुसली, कोनाच्या पोरीचं जमलं, सगळं इथं कळतं. माजी नात दिशा मोठ्यानं पेपर वाचते, आमचे हात चालू. तुमी अजून काय जमवनार आमाला?

मनस्वी : पण सर्व्हेत ही जागा रिकामी होती. माझ्याकडे फोटो आहेत. हे बघा, नुसतं गवत.

चंद्राबाई : कदी काढले?

मनस्वी : जुलैत.

चंद्राबाई : जुलैत! अगं, भर पावसात मासळी वाळते कुठं? तेव्हा बांबू उतरवून घरात ठेवतो आमी. ऊन पडलं की परत उभे. मे महिन्यात शेतावर जाऊन भात कुठाय म्हनून विचारशील काय?

जयदेव : तिची चूक नाय, काकी.

चंद्राबाई : तिची नायच. ती ऐरोलीची. तू कुठला?

जयदेव : ऐक ना. मार्चच्या आत काम चालू झालं नाय तर फंड गेला. शेजारचे दिवाळे गाववाले टपून बसलेत. दिशाचा विचार कर जरा. परीक्षेचा अभ्यास पोरगी जिन्यात बसून करते. वाचनालय पायजे म्हणून तूच माझ्या मागं लागली होतीस.

चंद्राबाई : होते. आज पन पायजे. नातीला टेबलखुर्ची मिळाली तर माज्या पोटात दुखेल? पन तिची फी या बोंबलातनं जाते रे. जागा गेली की पोरगी वाचनालयात बसनार, आनि फी कोन, तू भरनार?

मनस्वी : इमारत खांबांवर उचलली तर? वर वाचनालय, खाली तुमची जागा मोकळी.

चंद्राबाई : खाली सावली. सावलीत मासळी वाळत नाय, कुजते. किती शिकलीस, बाय?

मनस्वी : मास्टर्स.

चंद्राबाई : असू दे.

मनस्वी : गावात दुसरी जागा नाही का?

चंद्राबाई : हाय की. याच्या ऑफिसच्या मागं, गावचीच. याच्या गाड्या असतात तिथं.

जयदेव : ती पार्किंगची आहे, काकी.

चंद्राबाई : बघ. ती रिकामी नाय. तिथं गाड्या जमतात.

मनस्वी : जयदेवसर, ती जागा तुम्ही आम्हाला दाखवलीच नाही. उलट हे पत्र दिलंत.

चंद्राबाई : कसलं पत्र?

मनस्वी : ही जागा रिकामी असल्याचं. खाली सरांची सही आहे.

जयदेव : काकी, नाव आईचं देतोय. काशीबाई वाचनालय. एवढ्या मोठ्या अक्षरांत. त्याचं तरी काय वाटू दे तुला.

चंद्राबाई : काशीचं? माजी जाऊ ती. याच मातीवर वाकून वाकून तिचा जन्म गेला. अंगठा करायची, पन तुला त्या दगडावर बसवायची. मासळी बांदायच्या रद्दीतला पेपर हातात द्यायची, म्हनायची, जया, वाच. तू वाचायचास, आनि आमी सगळ्या ऐकायचो. तिनं पाडलेली रीत दिशा आज चालवते. आनि तू तिच्या नावाची पाटी लावायला तिचीच जागा पुसलीस. मला लाज वाटते रे, जया. तुला वाटत नाय म्हनून मला वाटते.

जयदेव : सही नको देऊस. राहू दे. चला, मॅडम.

चंद्राबाई : थांब. दे ते पत्र त्याला, बाय. मला वाचता येत नाय. सहीच्या आदी ऐकायला तर पायजे. वाच, जया. मोठ्यानं. त्या टोकाच्या बायकांना गेलं पायजे ऐकू.

जयदेव : 'सदर जागा रिकामी असून तेथे कोणाचाही...'

(जवळा पालटणारे हात थांबतात.)

चंद्राबाई : वाच ना. चौथीत असताना अडकत नव्हतास.